क्रीडा संचालक की कोच? मुलींच्या बास्केटबॉलमधल्या दोन वेगळ्या वाटा

बास्केटबॉल खेळणारी मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आली की घरात विषय निघतोच. ती म्हणते, ‘मला कॉलेजात कोच व्हायचंय.’ आई-बाबा म्हणतात, ‘मग बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदवी) कर, तुमचे सर आहेत तसं.’ गल्लत इथेच होते. ते सर किंवा मॅडम बहुधा कॉलेजचे शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक असतात. कोचची वाट निराळी आहे आणि ती कुठे फुटते हे आधी कळलेलं बरं, कारण चुकीच्या वाटेवर दोन-तीन वर्षं सहज निघून जातात.

संचालकाचं पद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीतलं. २०१८ च्या नियमावलीप्रमाणे शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाशास्त्रात पदव्युत्तर पदवी हवी, तीही किमान ५५ टक्क्यांनी. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. हवी, खेळात प्रतिनिधित्व केलेलं हवं आणि शारीरिक क्षमतेची चाचणीही द्यावी लागते. सातव्या वेतन आयोगात मूळ पगार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो, म्हणजे सहायक प्राध्यापकाइतकाच. त्या बदल्यात फुटबॉल, कबड्डी, बुद्धिबळ, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. प्रवेशिका, पात्रतेचे फॉर्म, वार्षिक क्रीडादिन, सामानाची खरेदी. जूनपासून आपलं सिमेंटचं कोर्ट पावसात भिजत पडलं की मुलांना टेबल टेनिस-कॅरमकडे वळवणं हे त्यांचंच काम, आणि ते चोख असतं.

कोचला मात्र तोच पाऊस टोचतो. सप्टेंबरपर्यंत कोर्ट ओलं म्हणजे मुलींचं ड्रिब्लिंग आणि फूटवर्क चार महिने मागे. मग इथे गोव्यात ताळगाव किंवा नावेलीच्या इनडोअर स्टेडियममध्ये तासभर तरी मिळतो का, याच्या मागे ती लागते. ‘ती’ असं मी मुद्दाम म्हणते आहे. मुलींच्या संघांना बायका कोच मिळाव्यात असं मला मनापासून वाटतं.

फरक चेंडूतही दिसतो. मुलींचा चेंडू सहा नंबरचा असतो. मुलांच्या सात नंबरच्या चेंडूपेक्षा त्याचा घेर साधारण इंचभर कमी आणि वजनही हलकं. खरेदीच्या यादीत ‘बास्केटबॉल’ एवढंच लिहिलं आणि सात नंबरचे आले, तर मुली वर्षभर त्यावरच सराव करतात आणि स्पर्धेत हातात वेगळाच चेंडू येतो. यादी संचालक करतात, पण सहा नंबरसाठी हट्ट धरायला कोच लागते.

सामन्यात तर रेषा स्पष्टच आहे. फीबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार सामना सुरू व्हायच्या किमान १० मिनिटं आधी सुरुवातीच्या पाच खेळाडू मुख्य कोच नक्की करते. टाइमआउटही मुख्य कोच किंवा पहिला सहायक कोचच मागू शकतो.

मूळ गोंधळ मात्र समजण्यासारखा आहे, कारण हा खेळ जन्मला तोच शारीरिक शिक्षणाच्या वर्गात. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तो तयार केला आणि पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजच्या सेंडा बेरेन्सन यांनी मुलींना शिकवला. त्याही शारीरिक शिक्षणाच्याच शिक्षिका. पॅट समिट १९७४ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी अमेरिकेतल्याच टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या मुख्य कोच झाल्या, तेव्हा त्या शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या, संघाची गाडीही स्वतः चालवत आणि गणवेशही स्वतः धूत. तिथल्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव करायला बंदी घातली, मुलींच्या खेळाला हळूहळू पैसा मिळू लागला आणि तिथे कोचिंग ही पूर्ण वेळची कारकीर्द बनली. समिट यांनी एकाच विद्यापीठात १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि २०१२ मध्ये त्या थांबल्या.

आपल्याकडच्या कॉलेजांत एकेका खेळासाठी कायमचा कोच ठेवायची रीत नाही. त्यामुळे कोच व्हायचं असेल तर नोकरी गोवा क्रीडा प्राधिकरण, शाळा, क्लब, अकादमी अशा ठिकाणी शोधावी लागते आणि कॉलेजचा संघ बहुधा हंगामापुरता हाती येतो. हे घरी सांगून ठेवा. पगाराची खात्री संचालकपदाला जास्त आहे, हे खरंच आहे. पण बारा-पंधरा मुलींना घडवण्याची ओढ असेल, तर प्रवेशिका भरण्यात ती भागणार नाही.

शिक्षणाच्या वाटाही दोन. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी १९५७ मध्ये सुरू झालेली ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था नावाजलेली; कोचिंगच्या डिप्लोम्यासाठी १९६१ पासूनची पतियाळ्याची एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था. दोन्हीकडे खेळल्याची प्रमाणपत्रं उपयोगी पडतात. म्हणून गोवा विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचं असेल, तर अंतर्गत परीक्षेचं कारण सांगून जाणं टाळू नका. परीक्षेची दुसरी तारीख मागता येते. त्यासाठीचं पत्र संचालकांकडून वेळेत घ्या आणि परत आल्यावर प्रमाणपत्राच्या प्रती काढून ठेवा.