मामांचा फोन, चादरीची कार्डं आणि फुल्ल झालेलं स्टोरेज

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळेला आमच्या मामांचा फोन दरवर्षी फुल्ल होतो. यंदा अक्षतेच्या (यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाच्या) दिवशी सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, संमती कट्ट्याजवळ आले, मामांनी गर्दीत हात वर करून रेकॉर्डिंग चालू केलं आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनवर ‘स्टोरेज फुल्ल’. घरी येऊन फोन माझ्या मांडीवर टाकला, "तेवढं साफ करून दे की रे, सकाळी सगळे गुड मॉर्निंग काढलो मी, तरी काय फरक पडेना."

गुड मॉर्निंगची उगाच बदनामी झालीय खरं तर. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आधीच दाबून लहान केलेला असतो, एक फोटो दीडशे केबीचा धरला तर हजार फोटो मिळून दीडशे एमबी. आणि फुल एचडी व्हिडिओ एका मिनिटाला साधारण १३० एमबी खातो, फोर के असला तर साडेतीनशेच्या आसपास. मामांचा कॅमेरा फोर केवर होता (नातवावर संशय आहे). म्हणजे १२ मिनिटं मिरवणूक शूट केली की चार जीबीच्या वर गेले, तेवढ्यात २८ हजार गुड मॉर्निंग बसले असते! त्यामुळं आधी व्हिडिओ शोधा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज, तिथं ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि खूपदा फॉरवर्ड होऊन आलेला माल वेगळा काढून दाखवतात.

मग फोटो काढले तरी फरक का पडेना? कारण ते गेलेच नव्हते. गुगल फोटोजमधून डिलीट केलेलं आधी ट्रॅशमध्ये जातं, बॅकअप नसलेलं ३० दिवस आणि बॅकअप झालेलं ६० दिवस तिथं पडून राहतं, ट्रॅश रिकामं केलं की मगच जागा मोकळी. आणि एक सांगतो, बॅकअप झालेला फोटो तिथून साधा डिलीट केला तर क्लाउडवरचाही जातो, फक्त फोनमधला काढायचा असेल तर त्यातलंच ‘फ्री अप स्पेस’ वापरा.

आता ट्रॅश रिकामं केलं तरी आत चिपमध्ये काय होतं ते भारी आहे. मामा आधी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जेकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची पुठ्ठ्याची कार्डं पंच करायचे, म्हणून त्यांना हे माझ्यापेक्षा लवकर कळलं. पुठ्ठ्यात भोक असेल तिथं सुई आत जाते आणि ताण्याचा तो धागा उचलला जातो, भोक नसेल तिथं धागा खालीच, आणि असा ओळीओळीनं चादरीवर मोर उमटतो. भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य, झालं की हो स्टोरेज! जोसेफ जॅकार्डनं हा माग फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला आणला. फोनच्या फ्लॅश मेमरीत भोकांऐवजी करोडो बारीक कप्पे असतात आणि त्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवतात, म्हणून फोन बंद केला तरी फोटो जात नाही. ही मेमरी १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधली.

पण पंच केलेलं भोक बुजवता येत नाही, डिझाइन चुकलं की कार्डच नवीन. फ्लॅशचंही जवळपास तसंच. लिहायचं एकेका पानावर (पान म्हणजे कप्प्यांचा एक गट), पण पुसायचं तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो, कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाल्यासारखा, नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. म्हणून फाइल काढली की फोन त्या पानांवर फक्त ‘रद्द’ असा शिक्का मारतो. नंतर सवडीनं त्या ब्लॉकमधली कामाची पानं दुसरीकडं उतरवून घेतो आणि मग ब्लॉक पुसतो. फोन काठोकाठ भरला असेल तर उतरवायला मोकळा ब्लॉकच सापडत नाही, प्रत्येक वेळी आधी हलवाहलव मग लिहिणं, आणि आपण म्हणतो फोन हँग होतोय. त्यात प्रत्येक ब्लॉक ठराविक वेळाच पुसता येतो, म्हणजे झीज पण वाढली. म्हणून थोडी जागा कायम मोकळी ठेवा आणि रात्री फोन चार्जिंगला लावून द्या, अँड्रॉइड तेव्हाच, आपण हात लावत नसताना, कुठली पानं रद्द झाली ते चिपला कळवतो.

मामांचा पुढचा प्रश्न, "६४ जीबी म्हणून घेतलो, मग एवढी कमी का दिसतीय?" म्हणलं मामा, उजनी धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं पण त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, तसं आहे हे. कंपनी १००० च्या हिशोबानं जीबी मोजते, काही फोन १०२४ च्या, म्हणून तिथं ६४ चे ५९.६ होतात, आणि त्यातही सिस्टीम बसलेली असते, तिला हात लावता येत नाही.

बाकी कॅशे, म्हणजे ॲपनं तात्पुरता साठवलेला माल, बिनधास्त क्लिअर करा, परत तयार होतो, पण त्याच्या शेजारचं क्लिअर डेटा दाबू नका, ॲपमधलं लॉगिन आणि सगळं जातं. क्लीनर ॲपच्या नादी लागू नका, ती स्वतःच जागा खातात आणि वर जाहिराती दाखवतात. फोटो झिप करूनही काही वाचत नाही, जेपेग (फोटोची नेहमीची फाइल) आधीच दाबलेला असतो.

अक्षतेचे जुने व्हिडिओ मामांना सोडवेनात. ते म्हणले पेनड्राइव्हमध्ये टाकून कपाटात ठेवतो. पण पेनड्राइव्हही फ्लॅशच, वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला तर कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात. शेवटी एक कॉपी पेनड्राइव्हवर आणि एक माझ्या हार्डडिस्कवर घेतली, कॅमेरा फुल एचडीवर आणला, आणि मामांनी तो पेनड्राइव्ह चादरीच्या घडीत ठेवून दिला.