हिरा, दांडी आणि रबर : कार्ट्रिजच्या घडणीची पार्श्वभूमी

टर्नटेबलच्या जुन्या कार्ट्रिज (सुई धरणाऱ्या आणि तिची थरथर विजेच्या संकेतात बदलणाऱ्या डब्या) दणकट होत्या आणि आताच्या तकलादू, हे वाक्य रेकॉर्ड ऐकणाऱ्या मंडळींत हमखास ऐकू येतं. ठामपणे याच्या उलट सांगणारेही भेटतात. पण दोघांचंही बोट बहुतेक वेळा बाहेरच्या आवरणाकडे असतं : धातूचं की प्लास्टिकचं? मला विचाराल तर खरी घडण आतल्या तीन बारीक वस्तूंत असते : हिऱ्याचं टोक, ते पेलणारी दांडी म्हणजे कॅन्टिलिव्हर, आणि त्या दांडीला मागून धरून ठेवणारं रबर.

‘जुनं’ म्हणताना नेमकं किती जुनं, हेही पाहायला हवं. ग्रामोफोनची पोलादी सुई एक बाजू वाजली की बदलायची असे. लाखेच्या तबकडीत खनिजाची भुकटी मिसळलेली असायची आणि तीच सुईला घासून खाचेच्या मापाची करायची. 1930च्या दशकात क्रिस्टल पिकअप, म्हणजे त्या काळच्या कार्ट्रिज, पसरले. त्यांत रोशेल सॉल्टचा स्फटिक असे. त्याच्यावर ताण पडला की वीज निर्माण होते, तीही भरपूर, त्यामुळे साधा अँप्लिफायर पुरे. पण हा स्फटिक म्हणजे शेवटी पाण्यात विरघळणारं मीठ. दमट हवेत तो बिघडायचा आणि 55 अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचा निकामी व्हायचा. पुढे सिरॅमिकने त्याची जागा घेतली.

1948 साली कोलंबियाने लाँग प्ले रेकॉर्ड आणली आणि गणितच बदललं. टोकाची त्रिज्या सुमारे 75 मायक्रॉनवरून 25 मायक्रॉनवर आली. विनाइल मऊ, त्यावर जड पिकअप ठेवला तर खाच खरवडली जाणार. दहा वर्षांत स्टिरिओ आलं, म्हणजे खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज, आणि सुईला आडवं तसंच उभंही हलायला लागलं. हलणारा भाग जितका हलका आणि ताठ, तितकं चांगलं. पुढच्या पंचवीस वर्षांची सगळी धडपड या एका गरजेतून निघालेली आहे.

त्या धडपडीतही सगळ्यांनी एकच वाट धरली नाही. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी 1960च्या दशकात घडलेली डेनॉनची डीएल-103 आजही बनते : साधं गोल टोक, अ‍ॅल्युमिनियमची दांडी, सुईवर अडीच ग्रॅमचा भार आणि चक्क प्लास्टिकचं आवरण. ‘सुवर्णकाळा’तल्या वस्तूला प्लास्टिक चालत होतं, हे आवरणावरून वाद घालणाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावं.

दुसरी वाट हलकेपणाची. शुअरची व्ही15 1964 साली आली, आणि 1982च्या टाइप फाइव्हमध्ये तिची दांडी बेरिलियमच्या पातळ नळीची झाली. टेक्निक्सने बोरॉनची नळी वापरली. सायकलची चौकट भरीव सळईची न करता पोकळ नळीची का करतात, तेच कारण इथे : तितक्याच वजनात नळी जास्त ताठ राहते. त्याच 1982 साली सीडी बाजारात आली. मागणी ओसरली आणि अशा नळ्या घडवणं परवडेना. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक, त्यामुळे ते हाताळणंही अवघड. आज महागड्या कार्ट्रिजमध्ये बोरॉन असतं, पण सहसा भरीव काडीचं. जुन्याची बाजू घेणाऱ्यांचं हे म्हणणं मला पूर्ण पटतं : इथे एक कसब खरोखर हरवलं.

बाकी ठिकाणी मात्र नव्याचं पारडं जड आहे. सुईच्या हालचालीतून वीज काढायला लागणाऱ्या चुंबकांत अल्निकोनंतर समेरियम-कोबाल्ट आणि मग निओडिमियम आलं, म्हणजे कमी वजनात जास्त ताकद. शिबाता टोक 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चार चॅनलच्या सीडी-4 रेकॉर्डसाठी घडवलं गेलं, कारण त्यांतला 30 किलोहर्ट्झचा वाहक संकेत (जादा चॅनल वाहून नेणारा, कानाला ऐकू न येणारा) गोल टोकाला नीट पकडता येत नव्हता. ती गरज संपली, तरी अशी, खाचेच्या भिंतीला लांबट रेषेत टेकणारी टोकं टिकली आणि आज मध्यम किमतीतही मिळतात. आवरणही बदललं : ऑर्टोफॉनने एमसी ए90 या कार्ट्रिजसाठी पोलादाची भुकटी लेझरने थरावर थर वितळवून ते घडवलं.

राहिलं रबर. माझ्याकडे 1970च्या दशकातली एक सुई आली, डबी कधी न उघडलेली. भिंगाखाली हिरा लखलखीत, दांडी सरळ, कुठे डाग नाही. एक-सव्वा ग्रॅमवर ती रेकॉर्डवर ठेवली. हळू वाद्यं छान वाजली, पण आवाज चढला की प्रत्येक वेळी चरचर. दांडीच्या मुळाशी असलेली रबराची इवली कडी डबीत बसल्या बसल्या कडक झाली होती, आणि दांडीला हलायला वावच उरला नव्हता. दुसऱ्या एका जुन्या सुईत उलट झालं : रबर सैल पडलं होतं आणि कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकत होतं. हिरा झिजतो तो वाजवल्याने, रबर मात्र नुसत्या काळाने म्हातारं होतं. म्हणून ‘न वापरलेली जुनी’ सुई घेताना मी आधी हिरा पाहत नाही. ठरलेल्या भारावर ती रेकॉर्डवर टेकवतो, बाजूने डोळा लावतो आणि कार्ट्रिज व रेकॉर्ड यांच्यात किती फट उरते ते पाहतो.