दुसऱ्यांदा भट्टीत गेलेला दिवा

कैरोतल्या सुलतान हसनच्या मशिदीत चौदाव्या शतकात काचेचे मोठे दिवे साखळ्यांनी टांगलेले असत. फुगीर पोट, वर उमलत गेलेला गळा. आत तेलवातीची छोटी वाटी. अशा दिव्यांच्या गळ्यावर अनेकदा कुराणातली नूरची, म्हणजे प्रकाशाची आयत लिहिलेली असते: दिवा काचेत आहे आणि काच जणू चमकता तारा. पोटावर मात्र निळा रंग भोवती भरून अक्षरं कोरी सोडलेली दिसतात. वात पेटली की उजेड त्या अक्षरांतूनच बाहेर येई. ही कल्पना मला आजही थक्क करते.

हा रंग म्हणजे मीना, रंगीत काचेची बारीक पूड. पांढऱ्यासाठी कथलाचं ऑक्साइड, लालसाठी लोहाचं. निळ्यासाठी कधी कोबाल्ट, तर कधी चक्क वाटलेला लाजवर्द हा निळा दगड. लेझरचा प्रकाश पदार्थावरून कसा विखुरतो ते पाहणाऱ्या रामन वर्णपटात तो ओळखू येतो. लाजवर्दाची जुनी प्रसिद्ध खाण अफगाणिस्तानातल्या बदख्शानात आहे. जोडीला सोन्याचा मुलामा.

मीना पक्का बसण्यासाठी रंगवलेलं भांडं पुन्हा तापवावं लागे, आणि खरी कसोटी भट्टीत लागायची. तांब्यावरची मीनाकारी तापवताना तांबं आपला आकार सोडत नाही. इथे मीनाही काच आणि भांडंही काचच. काचेला बर्फासारखा ठरावीक वितळणबिंदू नसतो. ती काकवीसारखी हळूहळू सैल होते. शिसं घातलं तर मीना लवकर वितळतो, पण काही रंगांत शिसं फारसं नसतं. ते काचेवर पक्के बसेपर्यंत भांडंही मऊ पडून बसकं होणार!

यावरचा उपाय काचकारागीर आणि संशोधक विल्यम गुडेनराथ यांनी स्वतः भट्टीपुढे उभं राहून उलगडला. रंगवलेलं थंड भांडं सावकाश तापवायचं, लोखंडी सळईच्या टोकाला पुन्हा चिकटवायचं आणि भट्टीच्या तोंडाशी सतत फिरवत राहायचं. फिरत्या भांड्याला एका बाजूला ओघळायला वेळच मिळत नाही. पुरावा बुडाशी आहे: सळई तोडल्याचा एक व्रण घडणीच्या वेळचा, दुसरा मीना भाजतानाचा. संग्रहालयात असं भांडं दिसलं, तर नक्षीआधी बूड पाहावं.

1401 मध्ये तैमूरने सीरियातलं दमास्कस लुटलं. पंधराव्या शतकात सीरिया आणि इजिप्तमधला हा हुन्नर ओसरला, व्हेनिसमध्ये बहरला. 1569 मध्ये उस्मानी (ऑटोमन) वजीर सोकोल्लू मेहमेद पाशाने मशिदीचे 900 दिवे मागवले, ते व्हेनिसकडूनच.