रोल केज म्हणजे कवचकुंडलं नव्हेत

जुन्या जीपला पाइपांचा पिंजरा बसवला की गाडी उलटली तरी केसालाही धक्का लागत नाही, हे वर्षानुवर्षं ऐकतोय. अर्धंच खरं. पिंजरा छत चेपू देत नाही. पण डोक्यात हेल्मेट नसेल तर कानाजवळचा तोच उघडा पाइप कवटी फोडू शकतो. रॅलीत हेल्मेट आणि हार्नेस (खांद्यांवरूनही घट्ट बांधून ठेवणारा सीटबेल्ट) सक्तीचं असतं ते उगाच नाही.

आणि पाइप कुठला? एफआयएच्या (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) नियमात मुख्य कमानीला (पुढच्या सीटांमागची उभी कमान) किमान 45 मिमी व्यासाची, 2.5 मिमी जाडीची सांधा नसलेली नळी लागते (किंवा 50 बाय 2). आपल्याकडे बऱ्याचदा खिडकीच्या ग्रिलचाच पाइप वाकवतात, वर काळा रंग मारला की झालं! तोही पातळ पत्र्याला थेट वेल्ड. खाली जाड प्लेट नसेल तर गाडी उलटताना पिंजऱ्याचा पाय पत्रा फाडून खाली जातो.