पाण्याची दैनंदिन गरज

माणसाने रोज किती पाणी प्यावे याला सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. लघवी, घाम, श्वास आणि शौच यांवाटे शरीराबाहेर जाणारे पाणी भरून निघाले की गरज भागली. ही गरज माणसागणिक, ऋतूगणिक आणि कामागणिक बदलते. शिवाय तिचा बराच भाग जेवणातूनच पुरा होतो, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

प्रौढ पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असते. स्त्रीच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असल्याने ते ५० ते ५५ टक्के भरते, तर नवजात बाळात ७५ टक्क्यांच्या घरात असते. बेताच्या हवेत, बैठे काम करणाऱ्या माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून दिवसाला नकळत ८०० ते ९०० मिलिलिटर पाणी उडून जाते. दिवसभरात तयार झालेली टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकायला मूत्रपिंडांना कमीत कमी अर्धा लिटर लघवी लागतेच. प्रत्यक्षात ती दीड लिटरच्या आसपास होते. जमेच्या बाजूला प्यायलेले पाणी, अन्नातले पाणी आणि अन्न जळताना पेशींमध्ये तयार होणारे सुमारे ३०० मिलिलिटर पाणी येते. शिजलेल्या भातात जवळपास ७० टक्के पाणी असते, काकडीत ९५ टक्के, कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त, आणि बिस्किटात पाच टक्केही नसते. वरण-भात, आमटी आणि वाटीभर ताक घेऊन उठलेल्या माणसाच्या आणि फरसाण-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्याच्या पोटात किती पाणी गेले, हे नुसते पेले मोजून कळत नाही.

या जमाखर्चावर शरीराचा पहारा कडक असतो. रक्तातील क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदूतील हायपोथॅलॅमसला ते जाणवते. पिट्युइटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात सोडले जाते, मूत्रपिंडे पाणी राखू लागतात, लघवी गडद होते आणि तहान लागते. पाणी जास्त झाले की हे सगळे उलट दिशेने घडते. हरतालिकेचा किंवा ज्येष्ठातल्या एकादशीचा निर्जळी उपवास निरोगी माणसाला झेपतो तो याच व्यवस्थेमुळे. अर्थात तोच उपवास धरून भर उन्हात निंदणीला जाणे ही वेगळी गोष्ट. ‘तहान लागली म्हणजे उशीर झालेलाच असतो’ हे वाक्य खेळाडूंच्या पेयांच्या जाहिरातींच्या काळात फार पसरले. निरोगी प्रौढाच्या रोजच्या आयुष्यात ते खरे नाही. तहान लागते तेव्हा घट अजून किरकोळच असते.

‘रोज आठ ग्लास’ हा नियम नेमका कोणी घालून दिला याचा छडा लागलेला नाही. संशय जातो तो १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने केलेल्या शिफारशीवर. अन्नातील प्रत्येक कॅलरीमागे एक मिलिलिटर, म्हणजे दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी, असा हिशेब त्यात मांडला होता. यातील बहुतेक पाणी तयार अन्नातच असते, असेही तिथेच नमूद होते. लोकांनी आकडा घेतला आणि पुढचे वाक्य गाळले. अमेरिकेतील डार्टमथ वैद्यकीय महाविद्यालयातील मूत्रपिंडतज्ज्ञ हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ मध्ये या नियमामागचा शास्त्रीय पुरावा धुंडाळला. समशीतोष्ण हवेत बहुतांशी बैठे आयुष्य जगणाऱ्या निरोगी प्रौढांसाठी तो त्यांना सापडला नाही. चहा-कॉफी मोजायची नाही, ती उलट पाणी काढून टाकते, ही समजूतही अशीच. कॅफिनने लघवी थोडी वाढते, पण रोज चहा पिणाऱ्यांमध्ये हा परिणाम नगण्य असतो. त्या कपातले पाणी शरीराला मिळते.

संस्थांनी दिलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये पुरुषांसाठी ३.७ आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर सांगितले, तर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये अनुक्रमे २.५ आणि २ लिटर. दोन्ही ठिकाणी अन्नातले पाणी धरलेले आहे आणि दोन्ही आकडे ‘पुरेसे सेवन’ या सदरातले आहेत. त्याहून कमी प्यायले की आजार, असा त्यांचा अर्थ नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात आठ ग्लास, म्हणजे दोन लिटर, हेच माप आले, मात्र कडक उन्हाळ्यात आणि कष्टाच्या कामात ते वाढते अशी पुस्ती जोडून. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात २३ देशांतील ५,६०४ जणांच्या शरीरातून रोज किती पाणी येते-जाते याचे मोजमाप प्रसिद्ध झाले. बहुतेकांचे प्रमाण एक ते सहा लिटरच्या दरम्यान होते, काहींचे तर दहा लिटरपर्यंत गेले. उष्ण-दमट हवा, अंगमेहनत आणि कमी मानवी विकास निर्देशांक (उत्पन्न, शिक्षण आणि आयुर्मान यांवरून काढलेले माप) असलेल्या देशातले वास्तव्य यांनी ते वाढत होते. एवढी तफावत असलेल्या गोष्टीला एकच माप लावण्याचा हट्ट कशासाठी, हे कोडेच आहे.

उन्हातल्या कामाचा हिशेब मात्र नीट करावा लागतो. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा रस्त्याच्या, वीटभट्टीच्या किंवा शेताच्या कामावरचा माणूस तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त घाम गाळू शकतो. अशा कामासाठी दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर, पाणी प्यावे आणि तासाला साधारण १.४ लिटरपेक्षा जास्त पिऊ नये, असे व्यवसाय-आरोग्याच्या क्षेत्रात सांगितले जाते. सुटीत एकदम तांब्याभर पाणी रिचवण्यापेक्षा हे बरे. घामाबरोबर मीठही जात असल्याने मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा लिंबू सरबत हे नुसते परंपरेचे लाड नाहीत. खिशात कांदा ठेवून मात्र घाम भरून निघत नाही. पाणी कमी पडल्याची खूण म्हणजे गडद, थोडी आणि जळजळणारी लघवी. उन्हाळी लागली की घरोघर धण्या-जिऱ्याचे पाणी किंवा भिजवलेला सब्जा देतात, त्यात गुण यायला पोटात जाणारे पाणी हे एक कारण असतेच. फिकट पिवळा रंग पुरेशा पाण्याचा मानतात. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतलेल्याने या रंगावर जाऊ नये, कारण रायबोफ्लेविनमुळे लघवी तशीही पिवळीजर्द होते.

काहींच्या बाबतीत तहानेवर विसंबता येत नाही. वृद्धांना तहान उशिरा आणि कमी लागते. त्यांच्यापुढे दर थोड्या वेळाने भांडे धरावे लागते. मुतखडा होऊन गेलेल्यांनी दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असा सल्ला देतात. त्याला आधार आहे: १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत पाच वर्षांत भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्के जणांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्के जणांना. याउलट हृदय कमकुवत झालेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या रुग्णांना डॉक्टर मोजून पाणी देतात. सहा महिन्यांखालील बाळाला तर वरचे पाणी द्यायचेच नसते, उन्हाळ्यातसुद्धा. आईच्या दुधात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि बाळाची तहान त्यातच भागते. ‘घसा सुकेल’ म्हणून चमच्याने पाणी पाजणाऱ्या आजीला हे पटवणे आरोग्य-स्वयंसेविका आशाताईंच्या कामातला एक अवघड भाग आहे.

अतिरेकाचेही धोके आहेत. निरोगी मूत्रपिंडे तासाला जेमतेम एक लिटरपर्यंत जादा पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घसरते, मेंदूला सूज येते, आकडी येऊ शकते, मृत्यूही ओढवतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले. ज्यांचे वजन शर्यतीदरम्यान वाढले होते, म्हणजे जे गमावल्याहून अधिक प्यायले, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होते.

आपल्याकडे अनेक स्त्रिया किती पाणी पितात हे तहानेपेक्षा शौचालयावर ठरते. ऊसतोडीच्या फडात आडोसा नाही, बाजारात स्वच्छतागृह नाही किंवा त्याला कुलूप आहे, लोकलचा प्रवास दीड तासाचा आहे. म्हणून सकाळपासून दोन घोटांवर भागवले जाते. लघवी दाबून ठेवणे आणि कमी पिणे या दोहोंमुळे मूत्रमार्गाचे संसर्ग वाढतात. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ (लघवी करण्याचा हक्क) मोहिमेने हा विषय महापालिकेपर्यंत नेला. मुली शाळेत पाणी पीत नाहीत, त्यामागेही बऱ्याचदा हेच असते. केरळात २०१९ मध्ये शाळांमध्ये पाणी पिण्याची वेगळी घंटा सुरू झाली. ती उपयोगी आहे, पण शाळेतल्या संडासाला कडी आणि नळाला पाणी असेल तरच.

पाणी किती पितात हा आकडा जलगुणवत्तेचे निकष ठरवतानाही लागतो, आणि तिथे त्याची चूक महागात पडते. पाण्यातील घातक द्रव्यांच्या मर्यादा ठरवताना जागतिक आरोग्य संघटना ६० किलो वजनाचा प्रौढ माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असे सामान्यतः धरते. फ्लोराइडची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे, पण ती ठरवताना स्थानिक हवामान आणि लोक प्रत्यक्षात किती पाणी पितात हे पाहावे, असे संघटनाच सांगते. भारतीय मानकात स्वीकारार्ह पातळी एक मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि याच पट्ट्यात उन्हाळाही कडक आहे. १.५ मिलिग्रॅमचे पाणी दोन लिटर पिणाऱ्याच्या पोटात दिवसाला तीन मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. उन्हात राबून पाच लिटर पिणाऱ्याच्या पोटात साडेसात. दातांवरचे तपकिरी डाग आणि पुढे ताठणारे सांधे या हिशेबातून येतात. तिथे उष्माघाताच्या सूचनांबरोबर हातपंपाच्या पाण्याचा तपासणी अहवालही हाताशी असावा लागतो.