समाजकार्यकर्तीने नळाबद्दलही विचारावं

पाण्यात विरघळलेल्या शिशाला चव नसते, रंग नसतो. लहान मुलाच्या शरीरात ते साठलं की लक्ष लागेनासं होतं, चिडचिड वाढते, अभ्यास मागे पडतो. अशा मुलाची नोंद घ्यायला आलेली समाजकार्यकर्ती आईवडिलांबद्दल, उत्पन्नाबद्दल, शाळेबद्दल विचारते. माणसाला त्याच्या परिस्थितीसकट पाहा, हा समाजकार्याचा पहिला धडा. पण परिस्थिती म्हणजे घर आणि शेजार, एवढाच अर्थ बराच काळ लावला गेला. पाइप त्यात आलाच नाही.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४मध्ये खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी सुरू झालं. पाइप गंजू नयेत म्हणून मिसळायचं रसायन त्यात घातलंच नाही. जुन्या नळजोडण्यांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. ऑक्टोबरमध्ये मोटारी बनवणाऱ्या जनरल मोटर्सने इंजिनांचे भाग गंजतात म्हणून ते पाणी घेणं थांबवलं. रहिवाशांना मात्र पाणी ठीक असल्याचंच सांगितलं जात होतं. डेट्रॉइटचं पाणी परत यायला पुढचं आख्खं वर्ष गेलं. इंजिनाची काळजी आधी घेतली गेली, पोरांची नंतर!

घातक कचरा कुणाच्या दारात टाकला जातो, हा प्रश्न अमेरिकेत जुनाच आहे. कचऱ्याची जागा ठरण्यात उत्पन्नापेक्षाही वंशाचा संबंध अधिक असतो, हे १९८७च्या एका देशव्यापी अहवालाने आकडेवारीसह दाखवलं होतं. डेव्हिड पेलो या समाजशास्त्रज्ञाने ‘चिकित्सक पर्यावरणीय न्याय’ मांडताना आणखी खोलात जाऊन विचारलं: काही माणसं गेली तरी चालतील, असं व्यवस्था गृहीतच धरते का? आणि नुकसान ज्या शासनाच्या हातून झालं, त्याच्याच दारात किती काळ अर्ज घेऊन उभं राहायचं? फ्लिंटचा कारभार तेव्हा राज्याने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. लोकांनी निवडून दिलेल्यांच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं. पुढे बाटलीबंद पाणी वाटताना काही ठिकाणी ओळखपत्र मागितलं गेलं. कागदपत्रं नसलेले स्थलांतरित तिकडे फिरकेनात. वंश, गरिबी, नागरिकत्व हे सगळे धागे एकाच नळाशी येऊन गुंततात ते असे.

इथे समाजकार्याची खरी अडचण होते, कारण कार्यकर्तीचा पगार बहुधा शासनच देतं. ती मदत घेऊन येते तशी चौकशीही घेऊन येते, आणि दार उघडणाऱ्या बाईला हे पक्कं ठाऊक असतं.

वास्तविक, या पेशाच्या सुरुवातीलाच कचरा होता. शिकागोत हल हाऊस ही गरीब वस्तीतली सेवासंस्था चालवणाऱ्या जेन अ‍ॅडम्स १८९५मध्ये आपल्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या आणि पहाटे कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरल्या. त्याच संस्थेतल्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९०२च्या विषमज्वराच्या साथीचा दोष उघड्या संडासांवरच्या माशांना दिला होता. सांडपाणी थेट पिण्याच्या पाण्यात शिरलं होतं आणि ते दडवलं गेलं होतं, हे नंतर कळलं. हॅमिल्टन यांनी ही चूक मोकळेपणाने लिहून ठेवली.

संशोधनाचीही घडी बदलावी लागते. फ्लिंटमध्ये २०१५ साली रहिवाशांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर शेकडो घरांतल्या पाण्याचे नमुने गोळा केले. प्रश्न रहिवाशांचा होता, बाटल्याही त्यांनीच भरल्या. प्रयोगशाळेने शिसं मोजलं, एवढंच.