लहान दुकानांचा टिकाव: कर, बंदी आणि एकत्र खरेदी

बड्या दुकानापुढे लहान दुकानदार का हरतो, या प्रश्नाचं उत्तर गिऱ्हाईकाला दिसत नाही. त्याला दिसतो विक्रीचा भाव. हार-जीत ठरते खरेदीच्या भावावर. हजारो पेट्या उचलणाऱ्याला कारखानदार थेट आणि स्वस्तात माल देतो. पाच-दहा पेट्या घेणाऱ्याला जास्त दर पडतो, वर घाऊक व्यापाऱ्याचा नफाही द्यावा लागतो. लहान दुकानं वाचवण्याचे प्रयत्न दीडशे वर्षांपासून चालू आहेत. ते पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवते: ज्यांनी खरेदीचा प्रश्न सोडवला ते टिकले, आणि ज्यांनी फक्त मोठ्यांना अडवायचं ठरवलं त्यांना थोडी उसंत मिळाली, एवढंच.

सुरुवात पॅरिसपासून करता येते. 1852 मध्ये अरिस्टिड बुसिको ‘बॉन मार्शे’ या दुकानात भागीदार झाला. किंमत आधीच ठरलेली आणि लिहिलेली, घासाघीस नाही, नफा कमी पण उलाढाल प्रचंड, न आवडलेला माल परत. या पद्धती एकट्या त्याने शोधल्या नव्हत्या, पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवल्या त्याने. पुढच्या काही दशकांत युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत अशी बहुविभागी दुकानं उभी राहिली आणि एकाच प्रकारचा माल विकणारे छोटे व्यापारी धास्तावले.

जर्मनीत या धास्तीतून दोन वाटा फुटल्या. पहिली कराची. 1900 साली प्रशियाने, म्हणजे जर्मनीतल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या राज्याने, मोठ्या बहुविभागी दुकानांवर खास कर बसवला. दुकानं तरीही वाढत राहिली, कारण कर लावून खरेदीतला फायदा काही जात नाही. छोट्या व्यापाऱ्यांचा राग मात्र साचत गेला आणि त्याचा अतिशय घातक वापर झाला. 1920 च्या नाझी पक्षाच्या कार्यक्रमात मोठी दुकानं ताब्यात घेऊन छोट्या व्यापाऱ्यांना स्वस्त भाड्याने देण्याचं आश्वासन होतं. त्यांतली अनेक दुकानं ज्यू कुटुंबांची होती, आणि 1 एप्रिल 1933 रोजी देशभर ज्यूंच्या लहानमोठ्या सगळ्याच दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. छोट्या दुकानदाराच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास लक्षात ठेवायला हवा. त्याची अडचण खरी असते, म्हणून ती कोणाच्या तोंडी जाते याला फार महत्त्व आहे.

दुसरी वाट गाजावाजा न करता निघाली. 1898 मध्ये बर्लिनमधल्या 21 किराणा व्यापाऱ्यांनी एकत्र खरेदीची सहकारी संस्था काढली. 1907 मध्ये अशा अनेक संस्थांचा मध्यवर्ती संघ झाला. तोच आजचा ‘एडेका’, जर्मनीतला सर्वांत मोठा किराणा समूह. त्याची कितीतरी दुकानं आजही स्वतंत्र मालक चालवतात. एकेकट्याने ज्यांना कारखानदाराने दारात उभं केलं नसतं, त्यांची मागणी एकत्र झाल्यावर भाव ठरवण्याच्या बैठकीत त्यांना जागा मिळाली.

अमेरिकेत धोका साखळी दुकानांचा होता. 1930 च्या सुमारास ‘ए अँड पी’ या एकाच साखळीची 15 हजारांहून अधिक दुकानं होती. अनेक राज्यांनी साखळ्यांवर कर बसवले. 1936 चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा मात्र मुळाशी गेला: एकाच मालासाठी एका खरेदीदाराला कमी आणि दुसऱ्याला जास्त भाव लावून स्पर्धा मारायची नाही, प्रत्यक्ष खर्चात जेवढी बचत होते तेवढीच सूट द्यायची. मला हा विचार आजही योग्य वाटतो. पण 1980 नंतर त्याची अंमलबजावणी जवळजवळ थांबली, आणि 2000 नंतर सरकारने त्याखाली पुन्हा दावा लावला तो थेट 2024 मध्ये. शिवाय कायदा साखळ्यांकडे बघत असताना दुकानाचं रूपच बदलत होतं. गिऱ्हाईकाने स्वतः माल उचलायची पद्धत क्लॅरेन्स साँडर्सने 1916 मध्ये मेम्फिसला सुरू केली होती. 1930 मध्ये मायकेल कलनने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात भव्य जागेत सुपरमार्केट उघडलं. त्यापुढे ‘ए अँड पी’लाही आपली हजारो छोटी दुकानं बंद करावी लागली.

याच काळात घाऊक व्यापाऱ्यांना जाग आली. साखळ्या कारखान्यातून थेट माल उचलू लागल्या, तर छोट्या दुकानांबरोबर तेही बुडणार होते. म्हणून अमेरिकेत 1926 मध्ये ‘आयजीए’ आणि नेदरलँड्समध्ये 1932 मध्ये ‘स्पार’ असे गट निघाले. दुकान मालकाचं, पाटी, जाहिरात आणि खरेदी मात्र एकत्र.

फ्रान्स आणि जपानने जागेवरच नियंत्रण आणलं, तेही एकाच वर्षी, 1973 मध्ये. ठरावीक क्षेत्रफळापेक्षा मोठं दुकान काढायचं तर फ्रान्समध्ये स्थानिक समितीची परवानगी लागू लागली. जपानमध्ये आसपासच्या दुकानदारांशी वाटाघाटी कित्येक वर्षं रेंगाळत. तरीही जपानमधली दुकानांची संख्या 1982 मध्ये 17 लाखांवर पोचून तिथून घसरू लागली, कायदा पूर्ण जोरात असतानाच. मालक म्हातारे झाले होते, मुलं दुकानात बसायला तयार नव्हती, गिऱ्हाईक मोटारीने शहराबाहेर जाऊ लागलं होतं. यातल्या कशावरही परवानगीचा कागद चालत नाही. 2000 मध्ये तो कायदा रद्द झाला. 1974 मध्ये टोकियोत उघडलेलं ‘सेव्हन-इलेव्हन’ या साखळीचं तिथलं पहिलं दुकान आधी एका कुटुंबाचं दारूचं दुकान होतं. अनेक छोट्या दुकानदारांनी पुढे फ्रँचायझीचा, म्हणजे साखळीच्या नावाखाली करारावर दुकान चालवण्याचा, तोच मार्ग धरला. त्यांना माल आणि यंत्रणा मिळाली, पण कामाचे तास करार ठरवू लागला. सहकारी संघात सभासदाला मत असतं. फ्रँचायझीत ते नसतं. दुकान वाचवायला निघालेल्या माणसाने सही करण्याआधी हा फरक नीट पाहावा.

पुस्तकांच्या बाबतीत किंमत बांधून देण्याचा उपाय टिकला, कारण पुस्तक कुठेही घेतलं तरी तेच असतं. फ्रान्सच्या 1981 च्या कायद्याने नव्या पुस्तकावरची सूट 5 टक्क्यांवर रोखली. ब्रिटनमधला तसा करार 1995 मध्ये मोडला, आणि पुढच्या दोन दशकांत तिथली स्वतंत्र पुस्तकदुकानं जवळपास निम्म्यावर आली. ऑनलाइन विक्री आल्यावर फ्रान्सला तोच कायदा पोस्टेजपर्यंत ताणावा लागला. 2023 पासून तिथे ऑनलाइन पुस्तकांच्या लहान मागणीवर किमान घरपोच शुल्क घ्यावंच लागतं.

आता छोटा दुकानदार ज्या ऑनलाइन बाजारात माल मांडतो, तिथे बाजाराचा मालकच अनेकदा शेजारी स्वतःचा माल विकतो. कोणती वस्तू कधी आणि किती खपली, हे त्याला आयतं कळतं. युरोपीय संघाच्या 2022 च्या डिजिटल मार्केट्स कायद्याने अशा बड्या मंचांना विक्रेत्यांची खासगी आकडेवारी त्यांच्याच विरुद्ध वापरायला मनाई केली आहे, आणि मार्च 2024 पासून हे नियम पाळणं त्यांना बंधनकारक आहे.